मळवलीचे तिकीट



दर वर्षी थंडी सुरू झाली की आमच्या विहारात एका रविवारी सहलीचा विषय निघतो. वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळण्याच्या आधी कोणीतरी तो काढतेच. या खेपेला तरुण मुलांचे म्हणणे पडले की पाण्याच्या बागेत जाऊ. महिला मंडळाला महाबळेश्वर हवे होते. मी बी.कॉम. असल्यामुळे विहाराचा हिशेब माझ्याकडे आहे आणि हिशेब ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे नाही म्हणण्याचेही काम येते. बसचे भाडे, प्रवेशाचे पैसे, जेवण हे सगळे वहीत मांडून दाखवले तेव्हा एकेका कुटुंबावर हजाराच्या पुढे बोजा पडत होता. आमच्या वस्तीत बिगारी, घरकाम करणाऱ्या भगिनी, रिक्षावाले, दोन-तीन कंपनी कामगार आणि माझ्यासारखे एक-दोन कारकून. हजार रुपये म्हणजे कोणाच्या तरी मुलाची वह्या-पुस्तके.

तेव्हा मी म्हणालो, लोकलने मळवलीला जाऊ. एका दिवसात भाजे आणि कार्ला अशी दोन्ही लेणी होतात. घरून भाकरी बांधून घेऊ. माणशी दीडशे रुपये वर्गणीत सगळे भागेल.

हे ठरले आणि घरी येऊन जेवताना सांगितले, तेव्हा आमचे दादा म्हणजे माझे वडील ताटावरून मान वर करून म्हणाले, "कार्ल्याला? त्या देवीच्या डोंगराला? विहाराची माणसं तिकडं कशाला?"

हे वाक्य ऐकून मी घास हातात घेऊन तसाच बसलो. दादांनी रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढले. त्यातली बरीच वर्षे लोणावळा ते तळेगाव या पट्ट्यात. पहार आणि फावडे घेऊन ते मळवलीच्या रुळांवर उभे असत तेव्हा एका हाताला कार्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला भाज्याचा डोंगर. रोजच्या रोज दोन्ही डोळ्यांसमोर. पण ते एकदाही वर चढले नव्हते. १९५६ साली आमच्या आजोबांनी घरातला देव्हारा उठवला तेव्हा दादा आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांना आजोबांनी बजावले होते की आता आपण त्या वाटेला जायचे नाही. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा देवीचे ठाणे, यात्रेला येणारी गर्दी, गुलाल, वाजंत्री हे सगळे दादांनी खालून पाहिले आणि आपल्या बापाचा शब्द पाळून ते त्या डोंगराकडे पाठ करून काम करीत राहिले. त्या देवळाच्या पाठीमागे आपल्या भगवान बुद्धांच्या संघाचे सर्वांत मोठे चैत्यगृह आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

कोणी म्हणजे कोणी? मी पंधरा वर्षे वस्त्या-वस्त्यांतून लेण्यांवर बोलत आलो. अभ्यासवर्गात फळ्यावर चैत्यगृहाचा नकाशा काढून दाखवला. आणि ज्या माणसाने माझी फी भरली त्याच्याशी घरात या विषयावर कधी चार शब्द बोललो नाही. त्यांना माहीत असेलच, असे धरून चाललो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून दादांना म्हणालो, तुम्हीही यायचे. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून नुसते हसून दाखवले.

तरीही ते आले. अठ्ठावीस माणसे निघालो, त्यात अकरा मुले. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी सकाळची लोकल पकडली की सव्वा तासाच्या आसपास मळवली येते. मुंबईच्या बांधवांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी, पहिलेच स्टेशन मळवली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या मार्गावर दुपारच्या वेळी लोकल फार कमी असतात, तेव्हा जाता-येताचे वेळापत्रक आधी पाहून कागदावर उतरून घ्यावे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर जाऊच नये. धबधब्याला आलेल्या गर्दीत लेणी दिसत नाहीत आणि लहान मुले सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो.

लोक विचारतात की पहिले कोणते पाहावे. माझे मत असे की सकाळी भाजे आणि दुपार कलल्यावर कार्ला. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमेला तोंड करून आहे. उतरते ऊन दर्शनी कमानीच्या मोठ्या गवाक्षातून आत येते आणि खांबांवरून सरकत जाते. सकाळी गेलात तर आत नुसता अंधार पाहून परत याल.

मळवलीहून भाजे गाव चालत पाऊण तासाच्या आत आहे. वाटेत द्रुतगती महामार्ग ओलांडणारा पूल लागतो. पुढे गावातून पायऱ्या. दादा गावातल्या एका झाडाच्या सावलीत बसले. "तुम्ही या जाऊन, मी गुडघे कार्ल्यासाठी राखून ठेवतो," म्हणाले.

भाज्याची लेणी एकूण बावीस. इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकापासून ती कोरली गेली, म्हणजे कार्ल्यापेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी जुनी. इथल्या चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत कलले आहेत. आमच्या वस्तीतले एक सुतारकाम करणारे गृहस्थ बरोबर होते. मी समजावून सांगण्याआधी त्यांनीच ओळखले. "लाकडाचा मांडव घालताना मेढी अशाच तिरक्या देतात, म्हणजे छपराचा रेटा बाहेर जात नाही. दगडात याची काय गरज?" गरज काहीच नाही. ज्यांनी हे कोरले त्यांचा हात लाकडावर बसलेला होता, म्हणून त्यांनी दगडातही लाकडाचेच घर बांधले. दर्शनी भाग तर प्रत्यक्ष लाकडाचा होता, तो काळाच्या ओघात गेला. म्हणून आज हे चैत्यगृह समोरून सताड उघडे दिसते.

बाजूला लहान-मोठ्या चौदा स्तूपांचा एक समूह आहे. मुले त्यांच्याभोवती लपंडाव खेळू लागली तेव्हा त्यांना थांबवून सांगितले की हे इथे राहून गेलेल्या थेरांच्या स्मरणार्थ आहेत. काहींवर नावे कोरलेली आहेत, अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. धम्मगिरी हे नाव ऐकताच एक मुलगा म्हणाला, "आमच्या वर्गात पण एक धम्मा आहे." मुले आपोआप गप्प झाली. नाव कळले की दगडाशी वागणे बदलते, असा माझा अनुभव आहे.

विहारांत भिक्खूंच्या खोल्या पाहिल्या. आत दगडाचाच ओटा, तोच पलंग. आमच्या एका भगिनीने आत जाऊन लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली आणि म्हणाली, "आमच्या खोलीत याच्यापेक्षा काय जास्त आहे?" सगळ्या हसल्या. मग मी वर्षावासाचे सांगितले. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका जागी राहायचे. मावळातला पाऊस आपल्याला माहीत आहे. त्या पावसात कोरडी जागा हवी, पिण्याचे पाणी हवे आणि भिक्षेला जाता येईल इतक्या अंतरावर गाव हवे. डोंगराची ही जागा अशीच निवडलेली आहे. कल्याण, सोपारा या बंदरांकडून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापाराचा रस्ता इथूनच जात असे. कार्ला, भाजे आणि कामशेतजवळचे बेडसे अशी तीन लेणी एवढ्या जवळजवळ का, याचे उत्तर या रस्त्यात आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकीसुद्धा कोणाकोणाची दाने आहेत. भाज्याच्या एका टाक्यावर कोसिकीपुत्र विण्हुदत या महारठीचे नाव आहे.

खाली उतरून झाडाखाली जेवलो. पिठले, भाकरी, ठेचा, कांदा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि कागद एका पोत्यात भरून बरोबर घेतले. ते पोते शेवटपर्यंत कोणी उचलायचे यावरून तरुणांत थोडी कुरबुर झाली, हेही लिहून ठेवतो.

मग स्टेशनाच्या पलीकडे इंद्रायणी ओलांडून, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या पुढे कार्ला. इथे आम्ही रिक्षा केल्या. रिक्षा सोडते तिथून पायऱ्या. तळापासून मोजल्या तर साडेतीनशेच्या आसपास भरतात. दोन्ही बाजूंना नारळ, फुले, खेळणी, पेढे यांची दुकाने. मुलांच्या माना सारख्या वळत होत्या. मी बाकीच्यांना पुढे पाठवले आणि दादांबरोबर मागे राहिलो. दहा पायऱ्या चढायच्या, बसायचे. पुन्हा दहा. वरून उतरणारे एक वृद्ध कोळी गृहस्थ दादांना म्हणाले, "हळू चला, डोंगर कुठं पळत नाही." दादा म्हणाले, "डोंगर नाही पळत हो, पण साहेब लोक पाच वाजता दार लावतात म्हणे." सकाळपासून मी चार वेळा वेळेची आठवण केली होती, ती त्यांनी अशी परत केली. खरोखरच मला धाकधूक होती. लेणे संध्याकाळी लवकर बंद होते आणि पोहोचायला उशीर झाला तर दाराबाहेरूनच परतावे लागले असते.

वर गेल्यावर आधी देवीचे देऊळ लागते, ते चैत्यगृहाच्या अगदी समोर. दर्शनाची रांग, ढोल. आमच्यातला एक तरुण वाद घालण्याच्या आवेशात होता की हे इथे कसे. मी त्याला बाजूला घेतले. कोळी, आगरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या श्रद्धेने येतात, घाम गाळून जगणारी आपल्यासारखीच माणसे आहेत. त्यांच्याशी भांडून आपल्या पदरात काय पडणार? आपले काम वेगळे आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मान वळवली तर मागे काय आहे हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी आधी ते आपल्याला ठाऊक पाहिजे. माझ्या घरातच ते ठाऊक नव्हते, हे मी त्या तरुणाला सांगितले नाही.

दाराशी डाव्या हाताला उंच सिंहस्तंभ आहे. सोळा बाजूंचा खांब, वर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याचे हे दान. तिकीट काढून आत गेलो. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, ही आमच्यासारख्यांच्या सोयीची गोष्ट.

आत गेल्यावर जे पुढे पोहोचले होते ते सगळे खाली बसून होते. कोणी बोलत नव्हते. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, ४६ फूट उंच असे हे चैत्यगृह एका अखंड कातळात पोखरलेले आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. स्तूपाच्या मागे सात साधे अठपैलू खांब. स्तूपावर लाकडाचे छत्र अजून उभे आहे. आम्ही अगरबत्ती आणि मेणबत्त्या नेल्या होत्या, त्या पिशवीतून बाहेर काढल्या नाहीत. तिथे ज्योत लावायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. धुराने लाकूड आणि दगड दोन्ही काळवंडतात, शिवाय डोंगरात मधमाश्यांची पोळी असतात. हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतले, तेवढ्याने ते गृह भरून गेले.

आमच्या मुलीने विहाराच्या वर्गात धम्मलिपीची काही अक्षरे शिकली आहेत. ती खांबाखांबाकडे जाऊन बोट न लावता पाहू लागली. "बाबा, हा न. उभी रेघ आणि खाली आडवी." मग तिला त्याच्या आधीचा दा सापडला, वरचा अनुस्वाराचा ठिपका सापडला. दानं. दुसऱ्या खांबावरही दानं. हे चैत्यगृह कोणा एका राजाने बांधलेले नाही. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने ते पूर्ण केले आणि जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह असा त्याचा अभिमानाने उल्लेख केला. पण एकेक खांब निरनिराळ्या लोकांचा आहे. धेनुकाकट गावचे यवन आहेत, गंधाचा व्यापारी आहे. घुणिकाची आई असलेल्या कोडी नावाच्या भिक्खुणीने इथली वेदिका दिली. संसार सोडला तरी तिच्या नावापुढे तिच्या लेकराचे नाव राहिले, हे ऐकून आमच्या भगिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. हा सगळा वर्गणीचाच कारभार. हिशेबनीस म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. वहीतले नाव पुसले जाऊ नये म्हणून त्यांनी ते दगडावर लिहिले, इतकेच. शेजारच्या एका लेखात तर नहपान राजाचा जावई उसभदात याने इथल्या भिक्खूंच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचे नमूद आहे. तेव्हा या लेण्यांचे नाव वलूरक होते.

मी सुतारकाम करणाऱ्या त्या गृहस्थांना दाराशी घेऊन गेलो. तिथल्या लेखात हे दार करणाऱ्याचे नाव आहे. वेणुवासाचा पुत्र सामी, धेनुकाकटचा राहणारा, वढकी म्हणजे सुतार. त्यांनी मला दोनदा विचारले, "सुतार? लिहिलंय तसं?" लिहिले आहे, म्हणालो. त्यांनी चपला आधीच काढल्या होत्या. ते दाराच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले, मग वर चढवलेली शर्टाची बाही खाली ओढून गुंडी लावली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दारांच्या चौकटी बसवल्या आहेत.

दादा मात्र अक्षरे किंवा खांब पाहत नव्हते. ते मान वर करून छताकडे पाहत होते. कार्ल्याच्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत. सागवानाच्या, मूळच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दादांनी मला जवळ बोलावले.

"ही लाकडं तेव्हाचीच?"

"तेव्हाचीच."

"बदलली नाहीत?"

"नाही."

"आम्ही लाकडाचे स्लीपर टाकायचो. पंधरा-वीस वर्षांत कुजायचे. पावसात राहतात ना. मग उपटायचे, नवे टाकायचे." ते परत वर पाहू लागले. "ह्यांनी पावसातून राखलं. लाकडाला पण वर्षावास दिला बघ."

त्यानंतर ते स्तूपासमोर बसले. वंदना येते त्यांना, पण म्हटली नाही. ऊन खांबांवरून सरकत स्तूपाकडे आले होते. पहारेकऱ्याने वेळ संपल्याची शिटी वाजवली तेव्हा उठायला मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. जमिनीवर दोन्ही पंजे टेकून आपले आपण उठले. दारातून बाहेर पडताना हळू आवाजात म्हणाले, "बापानं सांगितलं तिकडं जायचं नाही. त्याला पण कोणी सांगितलं नसणार."

याला मी काय उत्तर देणार? पायऱ्या उतरताना मीच दोनदा अडखळलो.

ज्यांच्याजवळ दिवस शिल्लक असेल आणि अंगात बळ असेल त्यांनी परतीच्या लोकलने देहूरोडला उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना आपल्या हस्ते तिथे केली. २५ डिसेंबर हीच १९२७ साली महाडला मनुस्मृतीच्या दहनाचीही तारीख. दर वर्षी त्या दिवशी तिथे मोठी गर्दी असते, पण एरवी शांत असते आणि स्टेशनापासून जवळ आहे. वाटेत तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे. आमची मुले पेंगुळली होती म्हणून आम्ही हे दोन्ही पुढच्या खेपेला ठेवले.

मळवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना दादा रुळांकडे पाहत होते. आता सगळे सिमेंटचे स्लीपर. गाडीत त्यांना खिडकी मिळाली. मुलीने त्यांना विचारले, "आजोबा, पाय दुखतात?" म्हणाले, दुखतात. मग माझ्याकडे वळून विचारले की भाज्याला पायऱ्या किती. मी म्हणालो, कार्ल्यापेक्षा कमी आहेत. "मग दुपारचा चढ नको. पुढच्या बारीला आपण दोघंच येऊ. सकाळची पहिली गाडी धरू."

हिशेब जमवला तेव्हा तीनशे चाळीस रुपये उरले होते. कार्यकारिणीने ते पुढच्या सहलीच्या खात्यावर जमा धरले आहेत. वस्तीतली सत्तरीच्या पुढची नऊ माणसे अजून एकदाही वर गेलेली नाहीत, त्यांची नावे मी त्याच पानावर खाली लिहून ठेवली आहेत.